आईवडिलांवर आणि भावावर फौजदारी खटला: ‘गुन्हा कबूल करा, दंड भरा आणि मोकळे व्हा’ हा सल्ला ऐकावा का?

कुळागर

मी उत्तर गोव्यातील एका तालुक्यात राहतो. हा धागा काढताना बराच संकोच वाटला, कारण आमच्या घराण्यात आजवर कोणीही आरोपी म्हणून न्यायालयाची पायरी चढलेले नाही.

आमचे कुळागर (सुपारीची बाग) आणि शेजाऱ्यांची बागायत यांच्यामध्ये जुना दगडी गडगा (कुंपणाची भिंत) आहे. त्या गडग्यात एक मोकळी जागा असून तिथून झरीकडे जाणारी पायवाट माझी आई लग्न होऊन आल्यापासून वापरते. गेल्या पावसाळ्याआधी शेजाऱ्यांनी ती जागा चिरे रचून बंद केली. माझा धाकटा भाऊ बोटीवर नोकरीला आहे आणि तेव्हा तो सुट्टीवर होता. त्याने ते चिरे बाजूला काढायला सुरुवात केल्यावर बोलाचाली झाली, ओढाताण झाली, आणि शेजारी चिऱ्यांवर पडून त्यांचे कोपर खरचटले. संध्याकाळी त्यांनी पोलिसांत तक्रार दिली. भाऊ, ७१ वर्षांचे वडील आणि आई अशा तिघांवर भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६(२), ११५(२), ३५२ आणि ३५१(२) खाली, कलम ३(५) (समान इरादा) सह, गुन्हा नोंदवला गेला. कोणालाही अटक झाली नाही. तिघांना नोटीस आली, तिघेही पोलीस ठाण्यात जाऊन आले, आणि आता चार महिन्यांनी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचे समन्स हातात पडले आहे. तारीख तीन आठवड्यांवर आहे.

न्यायालयाच्या आवारात नेहमी दिसणाऱ्या एका गृहस्थांनी आम्हाला सांगितले की गुन्हा कबूल करावा, प्रत्येकी काही हजार दंड भरावा आणि जेवायच्या वेळेला घरी यावे. एका वकिलांनी तिघांच्या अटकपूर्व जामिनासाठी तीस हजार रुपये सांगितले. भावाला दीड महिन्यात बोटीवर रुजू व्हायचे आहे, त्यामुळे पहिला सल्ला त्याला पटू लागला आहे. वडील मात्र एकच वाक्य बोलतात की मी तिथे नव्हतोच, मग कबूल काय करू. आम्ही काय करावे हे जाणकारांनी कृपया सांगावे.

बोटीवरचा

कुळागर बाब, भावाला हा प्रतिसाद मुद्दाम वाचायला द्या. काही वर्षांपूर्वी शिगम्याच्या दिवसांत गावात झालेल्या एका मारामारीत माझे नाव आले होते. मलाही असेच सांगण्यात आले आणि मी पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करून दंड भरला. दंडाची रक्कम इतकी लहान होती की घरी परतताना मला सुटल्यासारखे वाटले.

पुढच्या कंत्राटासाठी अमेरिकेच्या सी-१/डी व्हिसाचा (बोटीवरच्या कर्मचाऱ्यांना लागणारा) अर्ज भरायला बसलो तेव्हा त्यात थेट प्रश्न होता की तुम्हाला कधी कोणत्याही गुन्ह्यासाठी अटक झाली आहे किंवा तुम्ही दोषी ठरला आहात का. त्या प्रश्नाला रकमेशी काही घेणेदेणे नसते. खोटे लिहिणे मला शक्य नव्हते, म्हणून ‘होय’ लिहिले. मग निकालाच्या प्रमाणित प्रती मिळवणे, स्पष्टीकरण लिहून देणे आणि वाट पाहणे यांत ते कंत्राट हातचे गेले. ‘गुन्हा कबूल’ या दोन शब्दांचा अर्थ दोषसिद्धी असा होतो, हे त्या दिवशी मला कोणीही सांगितले नव्हते.

म्हादईकाठ

मी गेली अनेक वर्षे फौजदारी वकिली करतो. कागद पाहिल्याशिवाय कोणत्याही खटल्याविषयी ठाम मत देऊ नये, तरी आपण लिहिलेल्या कलमांवरून काही गोष्टी निश्चितपणे सांगता येतात.

सर्वप्रथम अटकपूर्व जामिनाचे पाहू. आपण दिलेली चारही कलमे संहितेच्या पहिल्या अनुसूचीनुसार जामीनपात्र आहेत. अटकपूर्व जामीन हा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटला कसा चालवायचा हे सांगणाऱ्या कायद्याच्या) कलम ४८२ खाली अजामीनपात्र गुन्ह्यात अटकेची भीती असेल तेव्हा मागायचा असतो. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क आहे, तो कलम ४७८ मध्ये आहे. आपल्या प्रकरणात तर आरोपपत्र दाखल होऊन समन्सही आले आहे. तेव्हा त्या तीस हजारांतून आपल्याला काहीही मिळणार नाही. त्या वकिलांविषयी मी काही बोलणार नाही, परंतु कोणत्या कलमाखाली आणि कशासाठी अर्ज करणार हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, आणि ज्यांना तो प्रश्न आवडत नाही त्यांच्या वकीलपत्रावर सही करण्याची घाई करू नये.

आता शिक्षा. वाट अडवून धरण्यासाठी, म्हणजे कलम १२६(२) खाली, जास्तीत जास्त एक महिना साधी कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. साधी दुखापत करण्यासाठी, म्हणजे ११५(२) खाली, एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड आहे. अपमानाचे ३५२ आणि धमकीचे ३५१(२) यांना दोन वर्षांपर्यंत कैद आहे. यांपैकी कशाचीही कमाल शिक्षा दोन वर्षांच्या वर जात नाही, म्हणून हा खटला समन्स खटला म्हणून चालेल. त्यात रीतसर दोषारोप ठेवले जात नाहीत. न्यायदंडाधिकारी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २७४ नुसार आरोपाचा सारांश सांगतात आणि गुन्हा कबूल आहे का असे विचारतात. ज्यांनी आपल्याला सल्ला दिला त्यांचे सगळे काम याच एका प्रश्नाच्या उत्तरावर चालते. आरोपीने होय म्हटले की कलम २७५ नुसार तिथेच दोषी ठरवता येते, आणि अशा कबुलीनंतर अपिलाचा मार्गही जवळजवळ बंद होतो.

याउलट आपल्या प्रकरणातील चारही गुन्हे तडजोडयोग्य आहेत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ नुसार ज्या व्यक्तीला इजा, अडवणूक, अपमान किंवा धमकी झाली असे म्हटले आहे ती व्यक्ती हे गुन्हे मिटवू शकते, आणि त्या मिटवण्याचा कायद्यातील परिणाम निर्दोष सुटका हा आहे. घरी जाण्याची वेळ दोन्ही मार्गांत कदाचित सारखीच असेल. एका मार्गाने आपण दोषी म्हणून घरी जाता, दुसऱ्या मार्गाने निर्दोष म्हणून. तडजोड मागण्याचा हक्क मात्र आरोपीला नाही, ती फिर्यादीच्या इच्छेवर आहे, आणि तिच्यासाठी आरोपीवर दबाव आणणे किंवा आरोपीने फिर्यादीवर दबाव आणणे या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

पहिल्या तारखेला आपले काम एकच आहे. तिघांनी हजर राहावे, जामीन पुरा करावा आणि आरोपपत्राच्या संपूर्ण प्रती मागून घ्याव्यात. कलम २३० नुसार या प्रती विनामूल्य द्याव्या लागतात आणि त्यासाठी हजेरीपासून चौदा दिवसांची मुदत कायद्यात घातलेली आहे. एफआयआर, जबाब, पंचनामा, नकाशा, वैद्यकीय दाखला हे सर्व वाचून होईपर्यंत कबुलीच्या प्रश्नाला उत्तर देण्याची पाळीच येऊ देऊ नका. प्रतींसाठी आणि वकील नेमण्यासाठी वेळ मागितला तर तो साधारणपणे मिळतो.

केवडा

गोव्यात पोर्तुगीज कायदा चालतो असे आपण नेहमी ऐकतो. मग या प्रकरणाला भारतीय न्याय संहिता कशी लागली?

म्हादईकाठ

१८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतील विवाह आणि कौटुंबिक मालमत्ता यांविषयीच्या तरतुदी गोव्यात आजही लागू आहेत. फौजदारी कायदा मात्र मुक्तीनंतर देशाचाच आला. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आहे. घटना त्या तारखेच्या आधीची असेल तर जुनीच कलमे लागतात. पायवाटेचा हक्क कोणाचा, हा वाद मामलेदारांकडे किंवा दिवाणी न्यायालयात स्वतंत्रपणे चालवावा लागेल, आणि तो चालवावाच, कारण फौजदारी खटला संपला तरी चिरे तिथेच राहतील.

जुना कारकून

मी न्यायालयात नोकरी करून निवृत्त झालो. कायद्याचे वकील साहेबांनी सांगितले आहे, मी त्या दिवसाचे सांगतो, कारण अनोळखी जागी माणूस घाबरतो आणि घाबरलेला माणूस जवळ येईल त्याचे ऐकतो.

सकाळी दहाच्या आधी पोहोचा. दालनाबाहेर त्या दिवसाची खटल्यांची यादी लावलेली असते, तिच्यात आपला खटला क्रमांक आणि अनुक्रम पाहून ठेवा. समन्सवर किंवा आरोपपत्राच्या नोंदीत अक्षरे आणि अंक मिळून सोळा चिन्हांचा सीएनआर क्रमांक (खटल्याचा ओळख क्रमांक) मिळाला तर तो ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर घालून पुढच्या तारखा घरबसल्या पाहता येतात. शिपाई नावाचा पुकारा करतो तेव्हा तिघांनीही आत जाऊन उभे राहायचे. चहाला गेलेल्या माणसाचा पुकारा झाला आणि तो हजर नाही असे नोंदले गेले, असे मी कितीतरी वेळा पाहिले आहे. अशा वेळी वॉरंट निघाले तर त्याच दिवशी वकिलामार्फत अर्ज करून ते रद्द करून घ्यावे लागते, आणि तोवर जिवाला घोर लागतो.

तिघांची आधारकार्डे, प्रत्येकी दोन छायाचित्रे, आणि जामीनदार लागला तर त्याचे घरपट्टीचे किंवा उत्पन्नाचे कागद बरोबर ठेवा. न्यायालयाने जातमुचलक्यावर (स्वतःच्या लेखी हमीवर) सोडले तर जामीनदार लागत नाही, पण तयारी असावी. आवारात कोणी ‘मी आतले काम करून देतो’ असे म्हणाला तर नम्रपणे नको म्हणा. आतले सगळे काम अर्जाने होते आणि अर्ज वकील करतात.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. तालुक्याच्या न्यायालयांत कागद इंग्रजीत असतात. आपल्या वडिलांना इंग्रजी येत नसेल तर त्यांच्या नावाचा प्रत्येक कागद त्यांच्यासमोर बसून मराठीत किंवा कोंकणीत वाचून दाखवा. न्यायालयात आरोपीला न कळणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती त्याला कळेल अशा भाषेत समजावून सांगावी अशी तरतूद आहे. ‘मला समजले नाही’ असे म्हणायला वडिलांनी मुळीच लाजू नये.

सावनी_फोंडा

कुळागर दादा, आपल्या आईंना वकील विनामूल्य मिळू शकतो, आणि त्यासाठी घरची मिळकत किती आहे हा प्रश्नच येत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ याच्या कलम १२ मध्ये स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, कोठडीत असलेल्या व्यक्ती अशा अनेकांना हा हक्क दिलेला आहे. उत्पन्नाची मर्यादा जे या गटांत बसत नाहीत त्यांच्यासाठी आहे.

मी हे अनुभवावरून लिहिते. न वटलेल्या एका धनादेशाच्या खटल्यात माझ्यावर समन्स आले, कारण व्यवसाय यजमान पाहत असले तरी सही माझी होती. यजमान तोवर वारले होते. मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात गेले, एक पानी अर्ज भरला, ओळखपत्र आणि समन्सची प्रत जोडली. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. तालुक्याच्या न्यायालयातही विधी सेवा समिती असते.

सगळे सुरळीत झाले असे मात्र मी म्हणणार नाही. मला प्रथम नेमून दिलेले वकील दोन तारखांना आलेच नाहीत, आणि दुसऱ्या वेळी मी एकटीच उभी होते. घरी येऊन मी खूप रडले. मग दोन्ही तारखांचा उल्लेख करून प्राधिकरणाला लेखी पत्र दिले आणि वकील बदलून मागितला. बदलून मिळालेल्या वकीलबाईंनी माझी फाईल माझ्यापेक्षा जास्त वेळा वाचली होती. विनामूल्य मदत घेताना तक्रार कशी करावी असे मनात येते, पण ती मदत हा उपकार नाही, राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९-अ मधून आलेली ती व्यवस्था आहे. म्हणून लेखी मागा, पोच घ्या आणि पुन्हा विचारा.

बोटीवरचा

एक प्रश्न वकील साहेबांना. भावाचा पासपोर्ट खटला चालू असताना संपला तर काय करावे? बोटीवरच्या माणसाचे सगळे आयुष्य त्या पुस्तकात असते.

म्हादईकाठ

प्रश्न अगदी योग्य आहे. पासपोर्ट कायदा, १९६७ याच्या कलम ६(२)(एफ) नुसार भारतातील फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. मात्र २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेने यातून वाट काढून दिली आहे. ज्या न्यायालयात खटला आहे त्याची परवानगी आणली तर पासपोर्ट मिळतो. यात एक बारीक गोष्ट आहे आणि तिच्यामुळे बोटीवरची माणसे अडकतात. न्यायालयाच्या आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर पासपोर्ट फक्त एका वर्षासाठी दिला जातो. म्हणून अर्जातच किती वर्षांसाठी पासपोर्ट हवा आणि का हवा हे लिहून, कंत्राटाचे पत्र जोडून, आदेशात ती मुदत स्पष्टपणे मागावी.

बोटीवर असताना तारखांचे काय, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२८ आणि ३५५ नुसार वकिलामार्फत हजेरीतून सूट मागता येते. न सांगता निघून जाणे हा मात्र सर्वांत वाईट मार्ग आहे, कारण जामिनावर असताना गैरहजर राहणे हा स्वतंत्र गुन्हा ठरतो.

कुळागर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहिली तारीख काल झाली. आम्ही साडेनऊला पोहोचलो. तिघेही जातमुचलक्यावर सुटले, आणि आमच्या वकीलबाईंनी प्रतींसाठी वेळ मागितल्यावर प्रती त्याच दुपारी मिळाल्या. भाऊ आणि वडील यांचे वकीलपत्र त्यांच्याकडे आहे. त्यांनी फी किती, कोणत्या टप्प्याला किती आणि त्यात काय येते हे एका कागदावर लिहून दिले आणि घेतलेल्या पैशांची पावतीही दिली. आईचा अर्ज विधी सेवा समितीकडे दिला आहे आणि त्याची पोच घेतली आहे.

रात्री जेवणानंतर मी वडिलांना सगळे कागद मराठीत वाचून दाखवले. बेचाळीस पाने होती. मूळ फिर्यादीत फक्त भाऊ आणि आई यांची नावे आहेत. वडिलांचे नाव दोन दिवसांनी घेतलेल्या पुरवणी जबाबात प्रथमच येते, आणि तिथे लिहिले आहे की त्यांनी फिर्यादीचे हात मागून धरले. वडिलांनी मला तिथे थांबवले आणि घटनेचा वार विचारला. मी सांगितले, शुक्रवार. ते उठून आत गेले आणि देवघराच्या खणातून म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयाचा केस पेपर घेऊन आले. शुक्रवारच्या बाजाराला सुपारी घेऊन गेल्यावर ते तिथे रक्तदाब तपासून येतात. त्यावर तीच तारीख आहे. चार महिने ते ‘मी तिथे नव्हतो’ असे म्हणत होते आणि आम्ही, त्यांचीच मुले, त्यांना धीर देत होतो, पण ‘मग कुठे होता’ असे एकदाही विचारले नव्हते.

पंचनाम्यातील नकाशाही पाहिला. गडग्यात जिथे चिरे रचले आहेत तिथे पोलिसांनी स्वतःच ‘पायवाट’ असे लिहून झरीपर्यंत तुटक रेघ काढली आहे.

म्हादईकाठ

केस पेपर मूळ स्वरूपात जपून ठेवा, त्याची प्रत वकीलबाईंना द्या आणि रुग्णालयाच्या नोंदवहीतील त्या दिवसाची नोंद मिळवण्यासाठी त्यांच्या सल्ल्याने अर्ज करा. केस पेपरवर वेळ आहे का ते पाहा, कारण तारीख जुळते म्हणून वेळ जुळतेच असे नाही. आपण अन्यत्र होतो हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो, आणि तो पुरावा बहुधा साक्षीपुराव्याच्या टप्प्यावरच तपासला जातो.

मात्र वडिलांचे नाव मूळ फिर्यादीत नसणे ही सरकार पक्षाच्याच कागदांतील गोष्ट आहे. कलम २७४ ला नव्या संहितेत एक परंतुक जोडले आहे. आरोप निराधार आहे असे न्यायदंडाधिकाऱ्यांना वाटले तर कारणे नोंदवून ते आरोपीला त्याच टप्प्यावर सोडू शकतात. जुन्या संहितेत समन्स खटल्यासाठी असे परंतुक नव्हते. पुरवणी जबाब असल्यामुळे ते सहज होईल असे मी म्हणत नाही, पण वडिलांपुरता तो अर्ज करावा की नाही याचा विचार वकीलबाईंनी नक्की करावा. तिघांची वकील एकच असेल किंवा नसेल, वडिलांची बाजू भावाच्या बाजूपासून वेगळी मांडली गेली पाहिजे.

सावनी_फोंडा

आईंच्या अर्जाचे काय झाले?

कुळागर

ताई, आईला कालच वकील मिळाले. ते तिला भेटायला न्यायालयाच्या व्हरांड्यात वेळेआधी आले आणि तिच्याशी कोंकणीत बोलले. आईने त्यांना पहिल्यांदा झरीबद्दलच सांगितले.

शेजाऱ्यांकडूनही एका नातेवाइकामार्फत निरोप आला की माफीनामा लिहून दिला तर तडजोड करू. मसुद्यात ‘आम्ही तिघांनी मारहाण केली’ असे वाक्य होते. वकीलबाईंनी त्याच्यावर सही करायची नाही असे स्पष्ट सांगितले. तडजोड व्हायचीच असेल तर दोन्ही पक्षांनी न्यायालयात पुरसीस (लेखी निवेदन) द्यावी, तिच्यात अशा कबुलीची गरज नसते, असे त्यांनी निरोप आणणाऱ्यांनाही समजावले. त्यावर अजून उत्तर आलेले नाही.

पायवाटेसाठी मामलेदारांकडे वेगळा अर्ज तयार होत आहे. भावाने कंपनीला पत्र लिहून रुजू होण्याची तारीख तीन आठवडे पुढे मागितली आणि ती मिळाली. पुढची तारीख महिनाअखेरीस आहे, त्या दिवशी कबुलीचा प्रश्न विचारला जाईल. वडिलांनी उत्तर पाठ केले आहे, ‘गुन्हा कबूल नाही’, आणि सकाळी सुपारी सोलताना ते अधूनमधून मोठ्याने म्हणून पाहतात. आई तोवर वरच्या रस्त्याने फेरा घेऊन झरीवर जाते.